बारा लाख अकरा हजार नऊशे सत्तावन्न

"हिची जात सांगा," मेहेंदळे सर म्हणाले आणि फळ्यावर लिहिलेल्या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

१२११९५७.

वर्गात आम्ही बारा जण होतो. दहा मुलगे आणि दोन मुली. त्या काळी आमच्या तालुक्याच्या गावात माणसाची जात कुणी विचारत नसे, कारण ती सगळ्यांना आधीच पाठ असे. आकड्यांची तेवढी विचारावी लागे, आणि ते खातं मेहेंदळे सरांकडे होतं.

"विषम," मी म्हटलं. गप्प बसणं मला तेव्हाही जमत नसे.

"शाब्बास करमरकर. शेवटी सात आहे हे तुला पहिल्या बाकावरून दिसलं. पुढे?"

"तिनानं भाग जात न्हाई," मागच्या बाकावरून धोत्रेचा आवाज आला. "अंकांची बेरीज सव्वीस."

सगळ्यांनी वळून पाहिलं. हणमंत धोत्रे वर्गात बोलला, ही त्या सहामाहीतली पहिलीच वेळ असावी. सहामाहीत तो नापास झाला होता. मी पहिली आले होते. हे दोन्ही निकाल कॉलेजच्या फलकावर एकाच कागदावर लागले होते, मी वरच्या टोकाला आणि तो खालच्या. त्यामुळे आमची एका अर्थानं ओळख होती.

"ही आपल्या कॉलेजची जन्मतारीख," सर म्हणाले. "बारा, एक, एकोणीसशे सत्तावन्न. सलग लिहिली. आता ही मूळ संख्या आहे की संयुक्त, ते आपण शोधायचं."

हे डिसेंबर एकोणीसशे सहासष्टमधलं. इतर कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात, आमचं जानेवारीत झालं होतं, कारण उद्घाटनाला यायला मंत्र्यांना तेव्हाच सवड होती. विद्यार्थी जूनमध्ये आले, पण विद्यार्थ्यांचं काय एवढं. आता येत्या बारा जानेवारीला दहा वर्षं पुरी होत होती, आणि दहा वर्षांत कॉलेजनं काय दिवे लावले असं कुणी विचारायच्या आत प्राचार्यांना काहीतरी भव्य करून टाकायचं होतं. सरांनी सुचवलं की ही तारीख म्हणजे एक मोठी संख्या आहे. तिचे गुणधर्म शोधू आणि पोर्चमधल्या भिंतीवर दगडात कोरून लावू.

प्राचार्य इतिहासाचे होते. "मूळ संख्या म्हणजे काय हो?" त्यांनी आमच्यासमोरच विचारलं.

"जिला एक आणि ती स्वतः, याखेरीज कशानंही निःशेष भाग जात नाही ती."

"वा! म्हणजे कुणापुढे न झुकणारी. हेच कोरा."

"आधी तपासावं लागेल, साहेब."

"तपासा की. तपासायला कोण नको म्हणतंय? पण निघू द्या मूळच. दगड मी सांगून ठेवलाय."

सरांनी मान हलवली. ते प्रामाणिक गृहस्थ होते, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

तपासायची रीत साधी आणि कंटाळवाणी होती. अकराशेचा वर्ग आपल्या संख्येच्या किंचित अलीकडे पडतो आणि अकराशे एकचा पलीकडे. म्हणजे संख्येचे तुकडे पडत असतील तर त्यातला लहान तुकडा अकराशेच्या आतच असला पाहिजे. तेव्हा अकराशेच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी एकेक करून भागून पाहायचं. एकदा तरी बाकी शून्य आली, की संख्या संयुक्त. एकदाही नाही आली, की मूळ. अशा संख्या भरतात एकशे चौऱ्याऐंशी. दोन, तीन आणि पाच सरांनी तिथल्या तिथे तोंडी उडवल्या. उरल्या एकशे एक्क्याऐंशी. बारा जणांना प्रत्येकी पंधरा, आणि शेवटची एक हजार सत्त्याण्णव उरली ती सरांनी स्वतःकडे ठेवली. पुढाऱ्यांनी श्रमदानात एक पाटी उचलावी तसं.

वाटणीतही सरांचं शास्त्र होतं. धोत्रेला सातपासून एकसष्टपर्यंतच्या पंधरा, कारण लहान आकड्यानं भागणं सोपं. मला सहाशे त्र्याऐंशी ते सातशे सत्त्याऐंशी. "तिथे चुकायला जागा जास्त," सर म्हणाले, "म्हणून ती जागा तुला." मी मान खाली घालून हसले. नम्रतेचं मला चांगलं वळण होतं.

"आणि प्रत्येकाचा कागद दुसऱ्यानं पडताळायचा," सर म्हणाले. "धोत्रेचा करमरकरनं, करमरकरचा धोत्रेनं. करमरकरचे भागाकार पाहून धोत्रे, तुला काही शिकायला मिळेल."

त्याच वेळी दारात धोत्रेचे वडील उभे होते. यल्लप्पा पाथरवट. गावातले निम्मे पाटे-वरवंटे आणि जाती त्यांच्या हातची. दगडाचं काम त्यांनाच दिलं होतं आणि पोर्चमधल्या भिंतीचं माप घ्यायला ते आले होते. हातात सुतळी, डोक्याला पटका. बापाला दारात पाहून धोत्रेनं वहीत तोंड खुपसलं.

"मास्तर, एक इचारू का?" यल्लप्पा दारातूनच म्हणाले. आत या म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"विचारा."

"ह्या पोराला डोस्कं हाय का न्हाई, तेवढं एक सांगा. आसंल तर म्या उपाशी ऱ्हाऊन शिकवीन. नसंल तर आत्ताच टाकी-हातोडा हातात देतो. वय वाढलं की हात वळत न्हाई वो, दगडाला."

अकरा जण खाली पाहू लागले. मी पाहिलं नाही, मला ऐकण्यात रस होता.

"सहामाहीचे मार्क तर तुम्हाला ठाऊक आहेत," सर म्हणाले.

"ते ठावं हाय. मार्काचं न्हाई, डोस्क्याचं इचारतोय."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "हे भागाकाराचं काम दिलंय. ते कसं करतो ते बघतो आणि बारा तारखेच्या आत तुम्हाला सांगतो. मी हो म्हटलं तर शिकवा. नाही म्हटलं तर घेऊन जा."

"तुमी म्हनाल त्ये," यल्लप्पा म्हणाले आणि भिंत मोजायला गेले.

मी घरी जाऊन कामाला बसले. सहाशे त्र्याऐंशीनं भागलं, बाकी तीनशे पंधरा. सहाशे एक्क्याण्णवनं भागलं. सातशे एक. सातशे नऊ. तोच सात आकडी आकडा, तेच उतरवणं, तीच वजाबाकी. गणिताचं सौंदर्य वगैरे मी पुढे एकतीस वर्षं पुण्याच्या पोरींना शिकवलं, त्यातलं काहीही त्या संध्याकाळी तिथे नव्हतं. दहा भागाकार मी इमानानं केले. सातशे एक्कावन्नपर्यंत आले. तेवढ्यात शेजारची मंगला हाक मारायला आली. गावाबाहेर तंबूचा सिनेमा लागला होता आणि सहाचा खेळ बायकांना सोयीचा होता.

पाच उरले होते. त्या पाचांच्या बाक्या मी रचल्या.

रचल्या म्हणजे अगदी विचारपूर्वक रचल्या. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान हवी, एवढं ज्ञान मला होतं. तीन सम घातल्या, दोन विषम. सातशे सत्तावन्नच्या पुढे चारशे अठरा लिहिलं. चारशे अठरा दिसायला बरं होतं. मग केसात फूल माळून सिनेमाला गेले. सिनेमा भिकार होता.

जानेवारीच्या दोन तारखेला कागदांची अदलाबदल झाली. धोत्रेचा कागद मी एका बैठकीत पडताळला. पंधराच्या पंधरा बरोबर. मी दोनदा पाहिलं, कुठेतरी चूक असणारच म्हणून. नव्हती. सही करताना मला थोडं वाईटच वाटलं.

त्याच्याकडून माझा कागद मात्र येईना. एक दिवस गेला, दोन गेले. पाच तारखेला कॉलेजच्या नळाशी त्यानं मला गाठलं. गाठलं म्हणजे चार हातांवर उभा राहिला. मुलगा मुलीशी बोलतोय हे लांबून दिसलं तरी गावाला आठवडाभर पुरे.

"तुमचा कागद..." तो म्हणाला.

"झाला पडताळून?"

"चौदा झाले."

"चौदा? तीन दिवसांत?"

"म्हंजे... चार-पाच आकडे माझ्याशी जुळंनात. शेवटचे. ते मी पुन्ना पुन्ना केले. मग म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असंल. आकडा कुठलाबी येऊ दे, शून्य न्हाई ना, मग बास. पर एका ठिकाणी..."

"काय एका ठिकाणी?"

"माझं शून्य येतंय."

मी हसले. त्या हसण्याचा मला पुढे बराच विचार करावा लागला. पण तेव्हा ते अगदी सहज आलं, कारण रचलेल्या बाक्या मी विसरूनच गेले होते. पहिल्या नंबराची सवय अशी असते. आपण लिहिलं ते खरंच असणार, नाहीतर आपण कशाला लिहिलं असतं?

"शून्य?" मी म्हटलं. "धोत्रे, शून्य आलं असतं तर ही संख्या मूळच राहिली नसती. आणि मग ते मला दिसलं नसतं का?"

"त्येच की," तो म्हणाला. अगदी मनापासून. "मीबी त्येच म्हटलं. तुमास्नी दिसलं असतं."

"किती वेळा केलं?"

"तीनदा. तिन्ही वेळेला शून्य."

"मग चौथ्यांदा करा. नीट उतरवून घेत जा आकडे."

"व्हय," तो म्हणाला, आणि जाता जाता थांबून विचारलं, "सरांना इचारू का?"

"विचारा. पण मग सर म्हणतील, याला साधा भागाकार येत नाही. तुमचे वडील वाट बघतायत ना उत्तराची?"

हे मी त्याच्या भल्यासाठी म्हटलं, अशी माझी त्या वेळी समजूत होती. तो मान डोलावून गेला. दुसऱ्या दिवशी कागद सहीनिशी परत आला.

आठ तारखेला सरांनी बाराही कागद माझ्या हवाली केले. समारंभात संख्येच्या गुणधर्मांचा अहवाल मी वाचणार होते. पुण्याहून गणिताचे एक मोठे प्राध्यापक पाहुणे म्हणून यायचे होते. एम.एस्सी.ला मला त्यांच्या विभागात घ्यावं म्हणून सरांनी त्यांना पत्र घातलं होतं, आणि 'समारंभात मुलीला ऐकतो' असं त्यांचं उत्तर आलं होतं. माझे वडील वकील. "पुणं मिळालं तर शीक, नाहीतर वैशाखात बघू," असं ते म्हणाले होते, आणि वैशाखात काय बघायचं असतं ते आमच्या घरात सांगावं लागत नसे.

मी अहवाल झोकात लिहिला. विषम. अंकांची बेरीज सव्वीस. पूर्ण वर्ग नाही. चारानं भागल्यास बाकी एक. दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते: एक हजार एकोणपन्नासचा वर्ग अधिक तीनशे चौतीसचा वर्ग. हे सरांनी स्वतः शोधलं होतं, रविवार घालवून. शिवाय 'न्यून' असाही एक प्रकार होता. संख्येच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी भरली, की संख्या न्यून. आमची न्यून होती. पण प्राचार्यांनी मसुदा वाचताना तो शब्द लाल शाईनं खोडला. "आपल्या कॉलेजात न्यून काही नाही," ते म्हणाले. गणिताला असे प्राचार्य मिळाले तर सगळ्या संख्या परिपूर्ण होतील.

नऊ तारखेला दुपारी कागद लावून ठेवताना माझा कागद हाती आला. सातशे सत्तावन्नच्या ओळीवर खोडरबरानं घासून घासून भोक पडलं होतं. भोकाच्या कडेला शून्याचा अर्धा गोल राहिला होता. बाजूला धोत्रेची सही, आणि चारशे अठराच्या पुढे बरोबरची खूण.

मला राग आला. माझ्या कागदाला भोक पाडलं म्हणून. या प्राण्याला एकदा दाखवूनच द्यावं म्हणून मी पेन्सिल घेतली आणि भागाकार मांडला.

सातशे सत्तावन्न एके सातशे सत्तावन्न. चारशे चौपन्न उरले. नऊ उतरवला. सक लावला, चार हजार पाचशे एकोणपन्नासमधून चार हजार पाचशे बेचाळीस गेले, सात उरले. पाच उतरवला, पंचाहत्तर झाले, भाग जात नाही, वर शून्य दिलं. शेवटचा सात उतरवला.

सातशे सत्तावन्न.

एक वेळ. बाकी शून्य.

मग मीही तो तीनदा केला. गुणूनही पाहिलं. सातशे सत्तावन्न गुणिले एक हजार सहाशे एक. बारा लाख अकरा हजार नऊशे सत्तावन्न. बारा जणांत एकानंच ही संख्या फोडली होती, आणि ती फुटलेली पाहून त्यानं आपल्याला भागाकार येत नाही असा निष्कर्ष काढला होता. तो निष्कर्ष काढायला मी त्याला मदत केली होती.

दहा तारखेला सकाळी मी सरांच्या घरी गेले. ते ओटीवर दाढी करत होते. मी कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. सिनेमासकट. रडलेही थोडी. सरांनी तोंड पुसलं, मुलाची पाटी घेतली आणि उभ्या उभ्या भागाकार केला. शून्य आल्यावर पाटी ओल्या पंचानं पुसून टाकली.

"दगड कोरून झालाय," ते म्हणाले. "काल संध्याकाळी भिंतीत बसवला. 'मूळ संख्या' असं खाली लिहून."

"सर, धोत्रेचं बरोबर होतं."

"हो."

"त्याच्या वडिलांना तुम्ही..."

"काल सांगितलं मी त्यांना. दगड बसवून ते थांबलेच होते उत्तरासाठी." सर पाटीकडेच पाहत होते. "मी म्हटलं, एक कागद पडताळायला याला चार दिवस लागले आणि खोडून खोडून कागदाला भोक पाडलं. हे पोर गणितातलं नाही. घेऊन जा."

"मग आता त्यांना पुन्हा सांगा ना, सर."

"काय सांगू? का बदललं म्हणून विचारतील. मग दगडाचं सांगावं लागेल, तुझं सांगावं लागेल. प्राचार्यांना, पाहुण्यांना." सर माझ्याकडे न पाहता बोलत होते. "हे बघ करमरकर. परवा अहवाल तू वाचणार आहेस. तू माइकवरून म्हणालीस की ही संख्या संयुक्त आहे आणि ते धोत्रेनं शोधलं, तर मी उठून सांगेन की खरं आहे. प्राचार्यांसमोर सांगेन. आणि तू मूळ म्हणालीस, तर तू आज सकाळी इथे आली नव्हतीस. चहा घेतेस?"

मी चहा घेतला. सर प्रामाणिक होते ते असे. खरं बोलायला त्यांची तयारी होती, फक्त सुरुवात एकोणीस वर्षांच्या मुलीनं करायची होती.

दोन दिवस मी दोन अहवाल घेऊन फिरले. एकात संयुक्त, एकात मूळ. संयुक्तचा मी पाठ केला. आरशासमोर म्हणून पाहिला. 'ही चूक माझी आहे' हे वाक्य मला फारच छान म्हणता येऊ लागलं. थोडं खाली पाहून, मग वर.

बारा तारीख गुरुवार होती. पोर्चसमोर मांडव. दगडावर लाल कापड. पाहुणे वयानं थकलेले होते आणि प्राचार्यांच्या प्रास्ताविकात दोनदा त्यांची मान पडली. यल्लप्पा भिंतीशी उकिडवे बसले होते, कारण कापड अडकलं तर सोडवायला कुणीतरी लागतं. धोत्रे त्यांच्याजवळ उभा होता. विद्यार्थ्यांत बसला नव्हता. बहुतेक त्याच्या मनानं कॉलेजातून नाव काढून झालं होतं.

माझं नाव पुकारलं. मी माइकशी गेले. हातात दोन्ही कागद होते, एकावर एक, वरचा संयुक्तचा.

"विषम," मी वाचलं. "अंकांची बेरीज सव्वीस. पूर्ण वर्ग नाही." दोन वर्गांच्या बेरजेला पाहुण्यांनी डोळे उघडले आणि "अरे वा" म्हणाले. पहिल्या रांगेत वडील बसले होते, त्यांनी शेजारच्या मुन्सफांकडे पाहिलं. मेहेंदळे सर खुर्चीच्या अगदी कडेला आले होते, उठायच्या बेतात. खरंच. मी म्हटलं असतं तर ते उठले असते.

मी धोत्रेकडे पाहिलं. तो तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता, पुढचा शब्द काय येतो ते.

मला भीती वाटली. याहून चांगलं कारण मी पन्नासपंचावन्न वर्षं शोधतेय, सापडलेलं नाही. मी वरचा कागद खाली घेतला.

"अकराशेच्या आतल्या सर्व, म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी मूळ संख्यांनी भागून पाहिल्यावर," मी वाचलं, "एकाही ठिकाणी बाकी शून्य आली नाही. सबब ही मूळ संख्या आहे."

टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी दोरी ओढली, कापड अडकलं, यल्लप्पांनी उठून सोडवलं. अक्षर सुबक होतं. सर खुर्चीत मागे टेकले. पाहुण्यांनी मला हाक मारून विचारलं, "जूनमध्ये पुण्याला येणार का?" मी नमस्कार केला.

चहाच्या गर्दीत धोत्रे माझ्याजवळ आला. या वेळी चार हात लांब नाही, अगदी समोर. लोक पाहत होते, पण आता त्याला कॉलेजचं काही उरलं नव्हतं. सर दोन पावलांवर हार सावरत उभे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"सोमवारपास्नं बाबासंगं खाणीवर जातोय," तो म्हणाला. "जायच्या आधी तुमची माफी मागायची हुती."

"माझी? कशाबद्दल?"

"तुमच्या कागदावर सही केली, पर मनातनं जाईना. रोज रात्री वाटायचं, आपलंच बरोबर हाय आणि ह्यांचं चुकलं. कुणाला बोललो न्हाई. पर तुमच्यावर संशय घेतला. आज तुम्ही एवढ्या मान्सांपुढं वाचलंत, तवा डोस्क्यातनं गेलं बगा. आता निवांत जातो."

त्यानं हात जोडले. सरांनी हाराची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मी इकडेतिकडे पाहिलं. मग धोत्रेकडे पाहून, जसा आरशासमोर सराव केला होता तसं, थोडं खाली पाहून, मग वर पाहून म्हटलं,

"असू दे, धोत्रे. चुकतं माणसाचं. मी नाही मनावर घेत."